जिम्नीला २३५ चे टायर: फ्लेअर आणि बंपर कापायच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

टायर ठरले एकदाचे. २३५/७५ आर१५, ऑल टेरेन, पाच नग, टायरवाले भाऊ म्हणाले दसऱ्यापर्यंत येतील. कंपनीकडून मारुतीच्या जिम्नीला येतात ते १९५/८० आर१५, म्हणजे व्यास साधारण ६९३ मिमी, नवीन भरतात ७३३, फरक ४० चा. त्यातले २० खाली जातात, गाडी तेवढी वर उचलली जाते, २१० चा ग्राउंड क्लिअरन्स २३० होतो आणि मुख्य म्हणजे डिफच्या, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शियलच्या, गोळ्याखाली होतो, जिथं दगड खरा लागतो. लिफ्ट किट टाकलं तर बॉडी वर जाते, डिफ होता तिथंच राहतो. उरलेले २० मिमी वर चाकाच्या कमानीत शिरतात, तिथं बंपर आणि फ्लेअर (कमानीची काळी प्लॅस्टिकची किनार) आडवे येतात, आणि इथून पुढचा सगळा उद्योग त्या २० मिमीपायी.

स्टेपनी पण त्याच साइजची घेतोय कारण जिम्नीत मधला डिफ नाही, फोर हायमध्ये, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हमध्ये, टाकली की पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र लॉक होतो, मग तीन मोठे आणि एक लहान टायर घेऊन चिखलातून निघायचं म्हणजे ट्रान्सफर केसचं (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं) वाटोळं.

मधला पर्याय २१५/७५ चा होता. तो बोलेरोचा साइज, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो, जिम्नीला काहीही न कापता बसतो. ज्याला शनिवार-रविवार कास, बामणोली, तापोळा एवढंच करायचंय त्यानं खरंच तोच घ्यावा आणि पुढचं वाचू पण नये. पण व्यासात फक्त १० मिमी वाढतात, म्हणजे डिफखाली ५, आणि आमच्या साताऱ्याजवळच्या परळी खोऱ्यातल्या वावराच्या रस्त्याला ५ मिमीनं काही होत नाही, पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या एवढ्या खोल असतात की मधला उंचवटा डिफला घासतच चालतो.

रिमचं पण बघावं लागलं. ओरिजिनल रिम साडेपाच इंची, ऑफसेट (रिमच्या मध्यापासून नट बसतात ती बाजू किती सरकलेली) अधिक ५ मिमी. २३५ च्या टायरला कमीत कमी सहा इंची रिम लागते, साडेपाचवर लोक चढवतात पण साइडवॉल बाहेर फुगते आणि हवा कमी केली की बीड, म्हणजे टायरची रिमवर बसणारी कड, सुटायची भीती. म्हणून सात इंची, ऑफसेट शून्य घेतली. पीसीडी (नटांच्या भोकांचं वर्तुळ) जिप्सीचाच, ५×१३९.७, पण जिम्नीचा मधला बोअर १०८ आहे तो बघूनच रिम घ्यायची. हिशोब केला तर टायर आतल्या बाजूला साधारण १७-१८ मिमी आणि बाहेर २७-२८ मिमी सरकतोय. हा बाहेरचा आकडा महत्त्वाचा आहे कारण स्टिअरिंग फिरवलं की चाक किंगपिनभोवती, म्हणजे ज्या खुंटीवर ते वळतं तिच्याभोवती, फिरतं, टायर त्या पिनपासून जितका लांब तितका त्याचा पुढचा कोपरा बंपरकडे जास्त झेपावतो. नुसता टायरचा साइज सांगून "घासतो का हो" विचारणाऱ्याला म्हणूनच कोणी धड उत्तर देऊ शकत नाही, आधी ऑफसेट सांगा.

१२ ऑक्टोबर, दसरा

टायर आले, रिमवर चढवून बॅलन्सिंग झालं, पण गाडीला लावले नाहीत. आई म्हणाली आज हत्यारं पुजायची असतात, चालवायची नाहीत. जॅक, पाना, कटर सगळं पाटावर मांडलं, गाडीला झेंडूचं तोरण. काम उद्या.

१३ ऑक्टोबर, रविवार

चारही चाकं लावली. अंगणात उभी केली तर एकदम भारी दिसते, स्टिअरिंग सरळ ठेवून कुठंच लागत नाही, आणि इथंच बरेच लोक "प्लग अँड प्ले" असं लिहून मोकळे होतात. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून रिव्हर्स घेतला की उजव्या पुढच्या बाजूनं खर्रर्र. सपाट फरशीवर. म्हणजे खड्ड्यात काय होईल.

मग खडूचा उद्योग केला. ही पद्धत मला एका जुन्या जिप्सीवाल्या मित्रानं सांगितलेली, पैसे शून्य. टायरचा खांदा, म्हणजे ट्रेड संपून साइडवॉल सुरू होते तो भाग, दोन्ही बाजूंनी पांढऱ्या खडूनं जाड रंगवायचा, कमानीतलं प्लॅस्टिक ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करायचं, आणि मग गाडी अशा जागी न्यायची की पुढचं एक चाक वर चढेल आणि मागचं त्याच्या तिरप्या बाजूचं चाक पण वर चढेल. आमच्या वावराच्या कडेला एक ओघळ आहे तिथं बरोबर असं होतं. पुढचं उजवं चाक बंप स्टॉपला, म्हणजे अ‍ॅक्सलला वर जाताना अडवणाऱ्या रबराला, टेकेपर्यंत दाबलं, तिथंच उभं राहून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग दोन हात पुढे, परत तेच. मग दुसरी बाजू. खाली उतरून टॉर्च मारला की जिथं जिथं लागलंय तिथं तिथं पांढरे पट्टे.

हे असं उघड्या डोळ्यांनी बघितल्यावर कळतं की आपण कल्पना करतो तिथं टायर लागतच नाही. मला वाटत होतं फ्लेअरची वरची कड, म्हणजे कमानीचा माथा कापावा लागेल. तिथं एक डाग नाही! पुढचा अ‍ॅक्सल अख्खा एकसंध आहे, एक चाक वर गेलं की चाकाचा माथा आतल्या बाजूला कलतो आणि फ्लेअरच्या आतून निघून जातो. पट्टे सापडले ते असे: बंपरचा मागचा खालचा कोपरा, सगळ्यात जाड, त्याला मिळणारं फ्लेअरचं पुढचं खालचं टोक, आतलं मडगार्ड लायनर, पुढच्या बाजूला तळहाताएवढं, लायनरच्या मागच्या भागात दोन क्लिपांची डोकी, आणि पुढचे मडफ्लॅप. मागच्या चाकांना काहीच नाही, फक्त मडफ्लॅपला हलका डाग.

सगळ्याचे फोटो काढले, फुटपट्टी शेजारी धरून.

१६ ऑक्टोबर, बुधवार

फोटो टाकले तशी नेहमीची चर्चा झाली. दहातले आठ जण म्हणतात कापू नको, दोन इंची लिफ्ट टाक, घासणं बंद. लिहूनच ठेवतो म्हणजे परत परत सांगायला नको.

लिफ्टनं गाडी उभी असताना टायर आणि कमानीतलं अंतर वाढतं, बरोबर. पण स्प्रिंग पूर्ण दाबली जाते तेव्हा अ‍ॅक्सल बंप स्टॉपला जाऊन थांबतो, आणि बंप स्टॉप तोच असेल तर टायर कमानीत शेवटी पोहोचतो ती जागा लिफ्टच्या आधी होती तीच. म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमध्ये घासणार नाही आणि ओघळीत गेलात की घासणारच, फक्त आता जोरात घासेल कारण कोपरा कापलेला नाही. त्यावर उपाय म्हणजे बंप स्टॉप लांब करायचे, म्हणजे ट्रॅव्हल कमी करायचा, म्हणजे लिफ्ट कशासाठी टाकली होती? वरून जिम्नीत लिफ्ट टाकली की पुढच्या आर्म्सचा कोन बदलतो, कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा कोन) कमी होतो, हायवेला स्टिअरिंग सैल लागतं, मग कॅस्टर बुश आले, पॅनहार्ड रॉड आला, खर्चाला अंत नाही.

लिफ्ट वाईट आहे असं म्हणत नाही मी. ब्रेकओव्हर (पोट न टेकता उंचवटा ओलांडायचा कोन) पाहिजे असेल, पाच दरवाजांच्या जिम्नीचा तो २४ अंशच आहे आणि लांब व्हीलबेसमुळं पोट टेकतं, तर जरूर टाका. पण टायर घासतो म्हणून लिफ्ट हे उत्तर नाही. टायर जिथं लागतो तिथलं प्लॅस्टिक काढा, बास.

कागदपत्रांचं पण बघितलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. टायरच्या साइजवरून कोणी अडवू शकतं हे धरूनच चाललोय, इन्शुरन्सवाल्यांना बिलं जोडून मेल टाकला. आणि पत्र्याला, चासिसला हात लावायचा नाही, फक्त प्लॅस्टिक, हा नियम स्वतःच स्वतःला घातला. ओरिजिनल टायर-रिम विकले नाहीत, माळ्यावर आहेत.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज खोलणे आणि मार्किंग. बंपर पूर्ण उतरवला नाही, फक्त कमानीजवळचे स्क्रू, लायनरच्या क्लिपा आणि फ्लेअरच्या पुढच्या अर्ध्या क्लिपा सोडल्या. क्लिपा काढायला प्लॅस्टिकचं ट्रिम टूल घ्या, स्क्रूड्रायव्हर घातला की एक तर क्लिप तुटते नाहीतर रंगाला ओरखडा. तरी तुटतातच थोड्या, स्पेअरच्या दुकानात पाकीटच मिळतं, आधी आणून ठेवा. फॉगलॅम्पची वायर त्याच कोपऱ्यामागून जाते, ती सोडून टाय मारून बाजूला बांधली. प्लॅस्टिकच्या मागं काय आहे ते हात घालून चाचपल्याशिवाय ब्लेड लावायचं नाही.

खडूच्या पट्ट्याभोवती मास्किंग टेप लावली आणि पट्टा संपतो तिथून २० मिमी बाहेर रेघ ओढली. वीसच का, तर ट्रेडमध्ये चिखल भरतो, बारीक दगड अडकतात, स्पीडला टायर थोडा फुगतो. दहा कमी पडतात, तीसमध्ये कोपरा बोडका दिसायला लागतो. रेघ ओढताना कोपऱ्यातला काटकोन मोडून गोलाई दिली, चहाच्या कपाचा तळ ठेवून. ही गोलाई दिसण्यासाठी नाही, प्लॅस्टिकला टोकदार आतला कोपरा ठेवला की थरथरीनं तिथूनच तडा जातो. जिथं गोलाई देताच येत नाही तिथं आधी ८ मिमीचं भोक पाडायचं आणि काप त्या भोकात नेऊन संपवायचा.

डावीकडची रेघ पुठ्ठ्यावर उतरवून टेम्प्लेट केला आणि उलटा करून उजवीकडे लावला, म्हणजे समोरून बघताना दोन्ही कोपरे सारखे.

शेजारचे काका येऊन बघून गेले, "आवं नवी कोरी गाडी कापताय व्हय?" म्हणाले. हो म्हटलं.

२० ऑक्टोबर, रविवार

कापलं.

फ्लेअरच्या मागं बघितलं की पीपी आणि त्यापुढं काही अक्षरं उमटवलेली असतात, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, थोडं रबर आणि टाल्क मिसळलेलं. हे प्लॅस्टिक पटकन वितळतं, म्हणून ग्राइंडर लावू नका. मी आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघितलं, ग्राइंडरची चकती लावली की कापलं जाण्याऐवजी लोण्यासारखं वितळून कडेला गोळे होतात आणि वास तर विचारू नका. ड्रेमेलच्या छोट्या चकतीचं पण तेच, मागून काप परत चिकटतो. जिगसॉ चालते, पत्र्याचं बारीक दात्यांचं ब्लेड आणि स्पीड एकदम कमी, पण बंपरच्या कोपऱ्यात तिचं बूड टेकायलाच जागा नाही. शेवटी सगळ्यात चांगलं काम केलं ते सुताराकडून आणलेल्या मल्टिटूलनं, तेच ते, ब्लेड थरथरणारं, आणि जिथं तेही शिरत नव्हतं तिथं नुसतं हॅक्सॉ ब्लेड, एका टोकाला फडकं गुंडाळून. फ्लेअर पातळ आहे, तिथं साध्या कटरनं सात-आठ वेळा एकाच रेघेवरून ओढलं आणि वाकवलं, टक्कन तुटलं, काप एकदम सरळ.

पहिला काप रेघेच्या १० मिमी आत घेतला, चाक फिरवून बघितलं, मग रेघेपर्यंत. कापलेलं परत लावता येत नाही आणि पीपीला बाजारातली गमं धरत नाहीत.

कड साफ करायला पॉलिश पेपर घासला तर प्लॅस्टिकचे केस निघायला लागले. त्यापेक्षा कटरचं पातं आडवं धरून खरवडायचं, लांब लांब साली निघतात आणि कड गुळगुळीत होते. मग हीट गन लांबून, पटकन फिरवायची, कापल्यावर आलेला पांढरटपणा जातो. फ्लेअर आतपर्यंत काळाच असतो, रंग वरून दिलेला नसतो, त्यामुळं कापलेली कड पण काळीच दिसते, रंगकाम शून्य. बंपरचा जो भाग रंगाचा आहे तिथं कड उघडी पडली, तिला यू आकाराचं काळं रबर बीडिंग लावलं, कारच्या ॲक्सेसरीच्या दुकानात मीटरवर मिळतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

लायनर आणि बांधाबांध. लायनर कापून टाकायचा मोह होतो पण तो नसला की सगळा चिखल इंजिन बेमध्ये आणि हेडलाइटच्या मागं. म्हणून तो गरम करून मागं ढकलला. हीट गननं मऊ होईपर्यंत तापवायचा, लाकडाचा ठोकळा लावून दाबून धरायचा, थंड होईपर्यंत सोडायचा नाही, नाहीतर परत फुगतो. हातमोजे घाला. दोन-दोनदा करावं लागलं पण दीडेक इंच जागा निघाली. क्लिपांची वर आलेली डोकी काढून तिथं चपट्या डोक्याचे बोल्ट घातले.

कोपरा कापताना बंपर, फ्लेअर आणि लायनर तिघांना एकत्र धरणारा खालचा स्क्रू गेला. हे बरेच जण तसंच सोडतात आणि मग शंभरच्या स्पीडला फ्लेअर फडफडतो. अॅल्युमिनियमच्या पट्टीची एल आकाराची क्लिप वाकवली, स्टीलचा एम ६ बोल्ट, मोठा वॉशर, नायलॉक नट, मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा. बोल्टचं टोक टायरकडे येऊ द्यायचं नाही, डोकं टायरकडे आणि नट आत.

पुढचे मडफ्लॅप काढून टाकले, मागचे ठेवले. मागच्या गाडीवाल्यावर दगड उडवायचा आपल्याला हक्क नाही, आणि टायर फ्लेअरच्या बाहेर डोकावतोय का ते पण ओळंबा लावून बघितलं, ट्रेड आतच आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीची धावपळ संपली, आता परत खडू. यावेळी टायरची हवा १८ पीएसआय करून, कारण ट्रेलवर आपण तशीच चालवणार आणि हवा कमी केली की साइडवॉल फुगते, पूर्ण हवेवर टेस्ट करून काय उपयोग. तीच ओघळ, तीच तिरपी चाकं, टोकापासून टोकापर्यंत स्टिअरिंग. बाहेरच्या बाजूला एकही डाग नाही.

आतल्या बाजूला मात्र पूर्ण लॉकवर पुढच्या रेडियस आर्मला (अ‍ॅक्सलला चासिसशी धरणाऱ्या दांड्याला) टायरची साइडवॉल पुसट लागतेय. हा त्या आत सरकलेल्या १७-१८ मिमीचा हिशोब. रिमच्या मागं स्पेसर लावला तर टायर बाहेर जाईल आणि परत बंपर घासेल, म्हणून नकलवरचा (चाक वळतं त्या सांध्यावरचा) स्टॉप बोल्ट थोडा बाहेर काढून लॉकनट आवळला. वळायची त्रिज्या कंपनीच्या ५.७ मीटरच्या मानानं थोडी वाढली, घाटातल्या एखाद्या वळणावर जाणवेल. साइडवॉल फाटण्यापेक्षा बरं.

अलाइनमेंट करून घेतली. पुढं पण सॉलिड अ‍ॅक्सल असल्यानं फक्त टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) सेट होतो, कॅम्बर-कॅस्टरच्या नावाखाली कोणी जास्त पैसे मागितले तर मशीनवर दाखवा म्हणायचं.

२४ नोव्हेंबर, रविवार

सातारा, सज्जनगड फाटा, ठोसेघर, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आणि परत. घासण्याचा आवाज कुठंच नाही, चार माणसं आणि सामान घेऊन.

बाकीचा हिशोब: स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा चाकं पूर्वीपेक्षा जवळजवळ सहा टक्के जास्त अंतर कापतात, आधी तो जीपीएसपेक्षा जास्त दाखवायचा, आता बरोबर जुळतो. पिकअप गेला, नाकारण्यात अर्थ नाही. दीड लिटरचं १०५ पीएसचं इंजिन, त्यात प्रत्येक टायर चार-पाच किलोनं जड, ठोसेघरच्या चढाला जिथं तिसऱ्यात जायची तिथं दुसरा टाकावा लागतो. ब्रेक पण थोडा आधी दाबावा लागतो. रायड मात्र छान झाली, जांभ्याच्या खडबडीत रस्त्यावर आधी जे दणके बसायचे ते निम्म्यावर आले.

वर सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, दोन थार आणि एक जिम्नी गवतात घातलेली दिसली, रीळ काढायला. तो सडा म्हणजे मोकळं मैदान नाही, बोटभर मातीत पावसाळ्यात जी फुलं येतात ती त्या टायरखाली कायमची जातात. मोठे टायर रस्ता खराब असतो म्हणून लावायचे, रस्ता सोडायला नाही. एकाला बोललो, त्यानं काच वर घेतली.

२२ जून २०२५, रविवार

पहिला दणकून पाऊस झाला, भाताच्या खाचरांच्या कडेनं आठवडाभर ये-जा, आज लायनर खोलून बघितला. डाव्या बाजूला लायनर आणि पत्रा यांच्यामध्ये चिखलाचा गठ्ठा बसलेला, कारण लायनर मागं ढकलल्यामुळं पूर्वीची पाणी वाहायची फट बंद झाली. चिखल ओला राहिला की पत्रा गंजणार, म्हणून लायनरच्या सगळ्यात खालच्या जागी १२ मिमीची दोन भोकं पाडली, पत्रा धुऊन वाळवून अंडरबॉडी कोटिंग मारलं. उजवीकडे पण तेच, तिथं चिखल कमी होता. ज्यांनी लायनर तापवून ढकललाय त्यांनी पावसाळ्याच्या आधीच भोकं पाडून घ्या. बीडिंग एका ठिकाणी निसटलं होतं, आतून थोडं सिलिकॉन लावून बसवलं. एल क्लिपा जशाच्या तशा आहेत, कापलेल्या कडेला तडा नाही.

पुठ्ठ्याचा टेम्प्लेट मागायला दोघं येऊन गेले. देतो, हरकत नाही, पण एकाची रिम उणे २० ऑफसेटची आहे आणि दुसऱ्यानं लिफ्ट टाकलीय, माझी रेघ त्यांच्या गाडीला चालणार नाही. दोघांना खडूची पेटी घेऊन रविवारी ओघळीवर बोलावलंय.